वादळरात्रीचा मुखवटेवाला पाहुणा



डोंगरातली एकटी झोपडी, बाहेर घोंघावणारे हिमवादळ आणि मध्यरात्री दारावर पडलेली थाप! अशी सुरुवात असलेल्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. दार उघडावे तर समोर अनोळखी पाहुणा. हा कोण, कुठून आला, त्याला काय हवे आहे, हे कळेपर्यंत आपल्याला पुस्तक खाली ठेववत नाही.

आपल्या कोकणात बर्फ पडत नाही. पण वादळाला काही तोटा नाही, आणि वादळातून येणाऱ्या अनोळखी पाहुण्यांनाही नाही. हे पाहुणे दारावर थाप मारत नाहीत, एवढाच फरक. अशाच एका पाहुण्याचा शोध आज आपण घेणार आहोत. गुप्तहेर जसा एकेका खुणेवरून माणूस ओळखतो, तसा आपण हा पाहुणा त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखू. ही नुसती गंमत नाही. पाहुणा कोण हे न ओळखता केलेला पाहुणचार त्याच्या जिवावर बेतू शकतो.

वाळूवर कोण बसले आहे?

पालघर जिल्ह्यात, बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला समुद्राकाठी नवापूर हे गाव आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून प्रसिद्ध आहे. त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर उच्छेळी, दांडी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव अशी मच्छीमारांची वस्ती असलेली गावे किनाऱ्याने लागतात. समजा, तुम्ही यांपैकीच एका गावात राहता. जुलै महिना आहे. मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून झाकून ठेवल्या आहेत. दोन दिवस वाऱ्याने कहर केला आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा उघडतो आणि तुम्ही किनाऱ्यावर जाता. भरतीच्या रेषेवर काटक्या, प्लॅस्टिक आणि शेवाळाच्या पसाऱ्यात बदकाहून मोठा एक पक्षी बसलेला आहे. तो उडत नाही. जवळ गेले तर चोच उघडून खस्सकन अंगावर येतो.

अंग पांढरे, पंखांच्या कडा आणि शेपटी काळी, चोच पिवळसर आणि भाल्याच्या पात्यासारखी टोकदार. चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती काळा पट्टा, जणू चेहऱ्यावर मुखवटाच चढवला आहे. हा बगळा नाही, कुरव नाही, पाणकावळाही नाही. मग हा कोण?

पक्षी मुखवट्यामागे लपला असला तरी त्याचे शरीर खोटे बोलत नाही. आपण खुणा एकेक करून तपासू. मात्र दोन-तीन मीटर दूर राहूनच. का, ते पुढे कळेल.

पहिली खूण : पाय

आधी पाय पाहा. बदकाच्या पायाची पुढची तीन बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात आणि मागचे बोट सुटे असते. कुरवाचेही तसेच. आपल्या पाहुण्याची मात्र चारही बोटे एकाच पडद्याने जोडलेली आहेत. अशी रचना असलेले पक्षी थोडेच. पाणकावळा, पेलिकन आणि आपला पाहुणा ही त्यांतली ओळखीची उदाहरणे.

या पायांचा उपयोग केवळ पोहण्यासाठी नाही. बहुतेक पक्ष्यांच्या पोटावर अंडी उबवण्याच्या काळात पिसे झडून उघड्या त्वचेचा उबदार भाग तयार होतो. या पक्ष्याला तो होत नाही. तो आपल्या रुंद, पडदेवाल्या पायांनीच अंड्यांना ऊब देतो. पायांवरून एवढे नक्की झाले, की हा पाण्यावर जगणारा पक्षी आहे.

दुसरी खूण : नाक कुठे आहे?

आता चोच पाहा. कावळ्याच्या किंवा कोंबडीच्या चोचीवर मुळाशी दोन नाकपुड्या स्पष्ट दिसतात. आपल्या पाहुण्याच्या चोचीवर कितीही शोधल्या तरी त्या सापडणार नाहीत. मग तो श्वास कसा घेतो?

उत्तर त्याच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. हा पक्षी समुद्रावर उंच घिरट्या घालतो. खाली मासा दिसला की पंख मागे घेऊन बाणासारखा पाण्यात सूर मारतो. समजा, त्याने २० मीटर उंचीवरून सूर मारला. हवेचा विरोध सोडून देऊ. नववी-दहावीत तुम्ही शिकलेले सूत्र वापरा :

वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची = २ × ९.८ × २० = ३९२

म्हणून वेग सेकंदाला सुमारे १९.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर! महामार्गावरच्या मोटारीच्या वेगाने डोके पाण्यावर आदळते. नाकपुड्या उघड्या असत्या तर पाणी जोराने आत घुसले असते. म्हणून या पक्ष्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद झालेल्या आहेत. तो श्वास घेतो तोंडाच्या कोपऱ्याजवळच्या फटीतून. पाण्याचा दणका सोसण्यासाठी त्याच्या चेहऱ्याच्या आणि छातीच्या त्वचेखाली हवेच्या पिशव्याही असतात. त्या गादीसारखे काम करतात.

ही खूण नीट लक्षात ठेवा. पाहुण्याचा जीव कसा वाचवायचा याचे अर्धे उत्तर हिच्यात आहे.

तिसरी खूण : चोचीच्या टोकावरचे थेंब

थोडा वेळ थांबलात तर दिसेल, की पक्ष्याच्या चोचीच्या टोकावरून मधूनमधून पाण्याचा थेंब गळतो. कोणी म्हणेल, "याला पडसे झाले आहे." पण हे पडसे नव्हे. हा मिठाचा हिशेब आहे.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाची मूत्रपिंडे फार तर एका लिटर लघवीतून सुमारे २० ग्रॅम क्षार बाहेर टाकू शकतात. म्हणजे एक लिटर समुद्राचे पाणी प्यायल्यावर त्यातले मीठ काढायला ३५ भागिले २०, म्हणजे पावणेदोन लिटर पाणी खर्च होईल. प्यायलो एक लिटर आणि गमावले पावणेदोन! समुद्रात भरकटलेला खलाशी खारे पाणी प्याला की तहानेने अधिकच तडफडतो, त्याचे कारण हेच.

समुद्रपक्ष्याच्या डोळ्यांच्या वर कवटीत दोन लवणग्रंथी असतात. त्या रक्तातले जादा मीठ वेगळे काढून सुमारे ५ टक्के तीव्रतेचा द्रव बनवतात. आता तोच हिशेब पुन्हा करा. ३५ ग्रॅम मीठ काढायला त्यांना सुमारे ७०० मिलिलिटर द्रव पुरतो. एका लिटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर गोडे पाणी शिल्लक राहते. निसर्गाने डोक्यात बसवलेला हा खारे पाणी गोडे करण्याचा कारखानाच म्हणायचा. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७च्या सुमारास पाणकावळ्यांवर आणि कुरवांवर प्रयोग करून या ग्रंथींचे काम उलगडले. आपल्या पाहुण्याला बाहेरच्या नाकपुड्या नसल्यामुळे हा खारट द्रव तोंडात उतरतो आणि चोचीच्या टोकावरून ठिबकतो.

म्हणजे हा पक्षी किनाऱ्यावर किंवा खाडीत राहणारा नाही. खुल्या समुद्रावर जगणारा आहे. आता मुखवटा उतरवायला हरकत नाही. पाहुण्याचे नाव आहे मास्क्ड बूबी. लांबी सुमारे ८० सेंटिमीटर, वजन साधारण दीड ते दोन किलो, आणि पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटरहून अधिक. तुमच्यापैकी कित्येकांच्या उंचीएवढे! वयात न आलेल्या पक्ष्याचे डोके आणि मान तपकिरी असते, म्हणून मुखवटा दिसला नाही तरी चटकन नकार देऊ नका. पाय आणि चोच तपासा.

"बूबी" हे नाव कसे पडले, तेही ऐकण्यासारखे आहे. स्पॅनिश भाषेत "बोबो" म्हणजे मूर्ख. हे पक्षी निर्धास्तपणे जहाजांवर उतरत आणि खलाशी त्यांना सहज पकडून खात. माणसाची भीती ठाऊक नसलेल्या पाहुण्याला माणसाने मूर्ख ठरवले. यात मूर्ख कोण, हे तुम्हीच ठरवा.

पाहुणा आला कुठून?

बूबी निर्जन सागरी बेटांवर घरटी करते. अरबी समुद्राच्या पलीकडच्या बाजूला ओमानच्या दक्षिण किनाऱ्यालगत हलानियात नावाची बेटे आहेत. तेथे मास्क्ड बूबीची मोठी वसाहत आहे. नकाशावर ही बेटे शोधा आणि तिथून नवापूरपर्यंत रेघ मारा. अंतर साधारण पावणेदोन हजार किलोमीटर भरेल. आपला पाहुणा नेमका त्याच बेटावरचा आहे असे केवळ पाहून सांगता येणार नाही. पण अशाच एखाद्या दूरच्या बेटाकडून तो खुल्या समुद्रात आला असणार, हे नक्की.

उन्हाळा संपताना आफ्रिकेच्या शिंगावरून, म्हणजे सोमालियाजवळून, वाऱ्याचा एक जोरदार झोत अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याकडे येऊ लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये या झोताचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर झोत असेही म्हणतात. आपला पाऊस घेऊन येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तो हाच. त्यात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झाले की समुद्रावर कहर होतो. ३ जून २०२० रोजी "निसर्ग" वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मे २०२१ मध्ये "तौक्ते" वादळ कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातवर आदळले. ही दोन्ही नावे तुमच्या आई-बाबांच्या चांगल्या स्मरणात असतील.

आता एक सोपे गणित. समजा, बूबी ताशी ४५ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे उडते आहे आणि वारा ताशी ६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे वाहतो आहे. पक्षी जिवाच्या आकांताने पंख मारत असला तरी जमिनीच्या दृष्टीने तो ताशी १५ किलोमीटर उलट मागे जातो. चोवीस तासांत ३६० किलोमीटर! वादळ दोन-तीन दिवस टिकले तर समुद्राच्या मध्यावरचा पक्षी किनाऱ्याशी येऊन पोहोचतो.

वाऱ्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे भूक. समुद्र ढवळून गढूळ झाला, लाटा उसळल्या की वरून मासा दिसत नाही. सूर मारून जगणाऱ्या पक्ष्याला उपास घडतो. आधी शरीरातली चरबी संपते. मग छातीचे स्नायू झिजू लागतात. उडण्याचे बळ ज्या स्नायूंत असते तेच स्नायू पक्षी जणू स्वतः खाऊन टाकतो. म्हणून किनाऱ्यावर बसलेल्या बूबीला बाहेरून जखम दिसत नसली, तरी ती आतून रिकामी झालेली असू शकते. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, अगदी मुंबईतसुद्धा, पावसाळ्यात अशा थकलेल्या बूबी अनेकदा सापडल्या आहेत.

खऱ्या हिमवादळाच्या देशातून

वादळी पाहुणे सगळे पश्चिमेकडूनच येतात असे नाही. पावसाळ्यात आपल्या समुद्रावर विल्सनचा वादळपक्षी हा चिमुकला पक्षी येतो. लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम. म्हणजे एका बूबीच्या वजनात असे चाळीसएक पक्षी बसतील. रंग काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पाण्याच्या पृष्ठभागावर पाय टेकवत तो असा उडतो, की जणू लाटांवरून चालतोच आहे.

याचे घर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि भोवतीच्या बेटांवर आहे. भारताचे "भारती" हे संशोधन केंद्र २०१२ पासून ज्या लार्समन टेकड्यांवर आहे, त्या परिसरातही हा पक्षी खडकांच्या फटींत अंडी घालतो. तिथे हिमवादळ झाले की फटीचे तोंड बर्फाने बुजते. बाहेर गेलेल्या आई-बापांना आत शिरता येत नाही आणि पिलू आत अडकते. तेथला हिवाळा सुरू झाला की हे पक्षी उत्तरेकडे निघतात. त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. हिमवादळाच्या देशातला हा रहिवासी आपल्या पावसाळ्यात आसरा शोधत आपल्याकडे येतो.

या पक्ष्याच्या नाकपुड्या चोचीवर नळीसारख्या वर आलेल्या असतात. बूबीचे नाक बंद, तर याचे नळीचे! दोघे वादळातलेच पाहुणे, पण दोघांची शरीरे वेगळी.

पाहुणचार कसा करावा?

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. अशा पक्ष्यावर दया आलेली माणसे काय करतात, ते पाहा आणि प्रत्येक गोष्ट आपण शोधलेल्या खुणांशी ताडून पाहा.

पहिली गोष्ट. पक्षी चावतो म्हणून त्याची चोच दोरीने किंवा रबराने बांधतात. बूबीला बाहेरच्या नाकपुड्या नाहीत, ती तोंडाच्या फटीतून श्वास घेते, हे आपण पाहिले. चोच घट्ट बांधली तर ती गुदमरेल. ज्याने बांधली त्याला वाटेल, आजाराने मेली.

दुसरी गोष्ट. "समुद्राचा पक्षी आहे, समुद्रात सोडू," म्हणून त्याला लाटांत फेकतात. पण तो तर समुद्राशी झुंजून हरलेला आहे. उपासाने क्षीण झालेल्या पक्ष्याला पिसांची निगाही राखता येत नाही. पिसे भिजली की तो गारठतो आणि बुडतो.

तिसरी गोष्ट. चोच उघडून पाणी ओततात किंवा भात, पाव, मासा कोंबतात. पाणी श्वासनलिकेत गेले तर जीव जातो. फार दिवस उपाशी असलेल्याला अन्न किती आणि कसे द्यायचे, हे पशुवैद्याचे काम आहे.

चौथी गोष्ट. पक्षी उडावा म्हणून त्याला हवेत उडवतात. बूबीचे पंख लांब आणि पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात. बेटावर ती उतारावरून किंवा कड्यावरून वाऱ्याकडे तोंड करून झेपावते. सपाट जमिनीवरून, तेही थकलेली असताना, तिला उडता येत नाही. हवेत फेकलेली बूबी खाली आपटते आणि पंख मोडून घेते.

मग करावे काय? मोठ्या माणसाला बोलवा. कुत्री आणि कावळे यांना दूर ठेवा. मोठ्या माणसाने हातमोजे घालून किंवा जाड टॉवेल वापरून मागच्या बाजूने पक्षी झाकावा, पंख अंगाशी मिटवावेत, चोच आपल्या चेहऱ्यापासून दूर ठेवावी. तिच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि तिचा नेम डोळ्यांवर असू शकतो. हवेसाठी भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात त्याला ठेवावे. खोके कोरड्या, अंधाऱ्या, शांत जागी असावे. अंधारात पक्ष्याची धडपड थांबते आणि उरलेले बळ वाचते. नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत, कारण जंगली पक्ष्यांपासून माणसाला रोग होऊ शकतात. लगेच जवळच्या वन खात्याच्या कार्यालयाला किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जंगली पक्षी घरी पाळायला परवानगी नाही. आणि बूबीला तर अंगणात ठेवून काहीच साधणार नाही. तिचे अंगण अरबी समुद्राएवढे असते.

पाहुण्याची नोंद

पाहुणा जगो वा न जगो, त्याची नोंद मोलाची असते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात अशा वाट चुकलेल्या पक्ष्यांच्या नोंदी शंभराहून अधिक वर्षे छापल्या जात आहेत. खुल्या समुद्रावरच्या पक्ष्यांविषयी आपल्याला असलेल्या माहितीचा बराचसा भाग अशाच नोंदींतून जमा झाला आहे. समुद्रात जाऊन पक्षी मोजणे कठीण असते. वादळ मात्र ते आपल्या दाराशी आणून ठेवते.

वहीत पुढील गोष्टी लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, भरती की ओहोटी, वाऱ्याची दिशा, पक्ष्याचा रंग, चोच आणि पाय यांचे चित्र. दुरून छायाचित्र काढा. पिसांवर तेल किंवा डांबर लागले आहे का ते पाहा, कारण पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात. पायात धातूचे वळे असेल तर त्यावरील अक्षरे आणि आकडे उतरवून घ्या, वळे काढू नका. कुठल्यातरी देशातल्या अभ्यासकाने ते घातलेले असते आणि तो उत्तराची वाट पाहत असतो.

वाऱ्याचा जोर मोजायला यंत्र नसले तरी चालेल. १८०५ मध्ये फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याची मापनश्रेणी तयार केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. छत्री सांभाळणे कठीण झाले तर वारा ६ क्रमांकाचा, ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटर. झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या, वाऱ्यासमोर चालणे जड जाऊ लागले तर ८ क्रमांकाचा, ताशी सुमारे ६२ ते ७४ किलोमीटर. शाळेजवळच्या सुरूच्या झाडांकडे पाहून तुम्हाला हा क्रमांक ठरवता येईल.

विचार करा, करून पाहा

१. बूबीने ३० मीटर उंचीवरून सूर मारला तर पाण्यावर आदळताना तिचा वेग किती असेल? २० मीटरच्या वेगाच्या दीडपट का नाही?

२. एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. दुसऱ्या लिटरमध्ये ५० ग्रॅम मिसळा. दोन्ही पाण्यांत बटाट्याची सारख्या आकाराची एकेक चकती तासभर ठेवा. कोणती चकती जास्त मऊ पडते? का?

३. पाणकावळ्याच्याही बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात. जाळ्यात अडकलेला पाणकावळा सोडवताना तुम्ही कोणती काळजी घ्याल?

४. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाऱ्याचा क्रमांक रोज लिहून ठेवा. किनाऱ्यावर अनोळखी पक्षी दिसला तर त्या आधीच्या तीन दिवसांचे क्रमांक तपासा. काही संबंध दिसतो का, ते शिक्षकांशी बोलून ठरवा.